कोट तोच, डोकं बदलतं

आधी कासवाचं सांगतो, मग माझं. उलटं सांगितलं तर तुम्ही म्हणाल पोरगं रडायलंय, आणि मला रडायचं नाही, सांगायचंय.

एक जपानी कार्टून मालिका आहे. कार्टून म्हटलं की आपल्याकडं लोकांना वाटतं लेकरांसाठी असेल. लेकरांनी ही बघितली तर मोठं व्हायलाच नाही म्हणतील. त्यात एक कासव आहे, कंपनीत नोकरीला. कंपनी काय बनवते ते कुणालाच माहीत नाही, साहेबालाही नाही. कासवाच्या पाठीवरचं कवच मोठं, म्हणून ऑफिसातले लोक त्यात आपापलं सामान ठेवतात. छत्र्या, डबे, एकानं तर टेबलफॅन ठेवलाय. तुझ्याकडं जागा आहे ना, म्हणतात. दर भागात कासव ठरवतं की आज नोकरी सोडायची, आणि साहेब नेमका त्याच दिवशी त्याच्यासाठी केक आणतो. केकवर नाव दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. कासव खातं.

ही मालिका मला आमच्या बायोलॉजीच्या मॅडमनी दाखवली. आमच्या म्हणजे लातूरला मी ज्या क्लासमध्ये कामाला आहे तिथल्या. मॅडम उदगीरच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आणि अख्ख्या क्लासमध्ये माझ्याशी खरं बोलणारं तेवढं एकच माणूस. रविवारी टेस्ट असायची, लक्ष ठेवायला आम्हाला बसवायचे. पोरं खाली माना घालून उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करायची आणि आम्ही दोघं मागच्या बाकावर मोबाईल पुस्तकाला टेकवून आवाज बंद करून कासव बघायचो, खालची इंग्रजी अक्षरं वाचत. हसायची चोरी. मॅडम बिनआवाजाच्या हसायच्या, नुसते खांदे हलायचे. एकदा पुढच्या पोरीनं वळून बघितलं आणि तिला वाटलं मॅडम रडायल्यात. तिनं पाण्याची बाटली आणून दिली. मॅडम ते पाणी प्याल्या.

आता क्लास. मी नांदेडला एमएस्सी केली, फिजिक्समध्ये. घरी वाटलं पोरगं प्रोफेसर होणार, मलाही वाटलं. मग लातूरला आलो, कारण एमएस्सी फिजिक्सवाले सगळे शेवटी लातूरलाच येतात, सगळी उसाची ट्रॅक्टरं जशी कारखान्यालाच जातात. इथं गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर हॉस्टेल, हॉस्टेलच्या खाली मेस. मला काम मिळालं डाऊटचं. म्हणजे वर्गात शिकवायचं नाही, एका काउंटरला बसायचं, आणि वर्गात ज्यांना कळलं नाही त्यांनी येऊन मला विचारायचं. क्लासमध्ये सगळ्यांना सर म्हणतात. मालकांना मोठे सर, प्रोजेक्टर लावणाऱ्याला सर, आरओचं पाणी भरणाऱ्यालाही सर. मला डाऊट सर म्हणायचे.

आता फ्लेक्सचं. नीट ऐका, सगळं यावरच आहे.

चौकात आमच्या क्लासचा फ्लेक्स आहे, लोखंडी सांगाड्यावर, दोन मजले उंच. मधोमध मोठे सर, त्यांच्या दोन्ही बाजूंना बाकीचे सर लोक, सगळे हाताची घडी घालून. आमच्याकडं माणूस मोठा झाला की पगार नाही वाढत, फ्लेक्सवरचं डोकं वाढतं. आणि लातूरला सर लोक टिकत नाहीत. आज इथं, उद्या समोरच्या क्लासला, जाताना अर्धी बॅच घेऊन. दर वेळी एवढा फ्लेक्स नवा कोण छापणार? म्हणून मोठ्या सरांनी युक्ती काढली. सगळ्यांचे फोटो एकाच स्टुडिओत, एकाच पोझमध्ये, एकाच निळ्या कोटात. तो कोट स्टुडिओत खुंटीला लटकलेला असतो, ढिला झाला तर मागून चिमटे लावतात. कुणी सोडून गेला की फक्त डोक्याचा स्टिकर छापून आणायचा आणि जुन्या डोक्यावर चिकटवायचा. याला पॅच मारणं म्हणतात. कोट तोच, घडी तीच, डोकं बदललं. ज्यानं हे शोधलं त्या माणसाला फिजिक्समधलं काय येतं ते सोडा, पण धंदा येतो.

फिजिक्सचे जुने सर समोरच्या क्लासला गेले आणि मोठ्या सरांनी मला बोलावून सांगितलं, आता बॅच तुम्ही घ्या, आणि उद्या फोटोला जा. मी जिने उतरताना पळायलो होतो. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अभिनंदन, आता तुमच्यात पण टेबलफॅन ठेवतील.

फ्लेक्सवर पॅच लागला. मी खाली उभा राहून बघितलं. डोकं माझं, बाकी सगळं जुन्या सरांचं. ते सर आडव्या अंगाचे, माझी मान काडीसारखी. त्यांच्या दोन बोटांत अंगठ्या, एक पुष्कराज आणि एक पोवळं, त्या आता माझ्या. आणि कान. माझे कान बाहेर आलेले आहेत, आमच्या घरात बापापासून सगळ्यांचेच. शाळेत मला कपबशी म्हणायचे. मोठे सर डिझाईनवाल्याला म्हणाले होते, कान जरा आत घ्या. त्यानं डावा आत घेतला आणि उजवा विसरला. असा मी चौकात लागलो, परक्याच्या अंगठ्या घालून, एक कान बाहेर काढून. आणि खरं सांगू का, मला लई भारी वाटलं. मी रोज वाट वाकडी करून तिथून जायचो.

आण्णांना फोन केला. आण्णा म्हणजे माझे वडील, निलंग्याकडं आमचं गाव, शेती. फ्लेक्सवर लागलो म्हटलं तर त्यांनी आधी विचारलं, केवढा? मी म्हटलं, नुसतं डोकं आपल्या दाराएवढं हाय. मग म्हणाले, "सोयाबीनची रास झाली की येतो. बगतो अन् फोटो काढून आणतो."

आणि आता आण्णांचं सांगावं लागतं, त्याशिवाय हे सगळं नुसतं गमतीचं होऊन बसेल.

आण्णा भूकंपातले. त्या वेळी ते शेतात झोपायला गेले होते म्हणून राहिले. घरात त्यांची पहिली बायको होती आणि मुलगा होता. ते राहिले नाहीत. पुढं गाव हलवलं, नवं बसवलं, सारख्या घरांच्या सरळ रांगा, शाळेत मुलं ओळीत उभी करतात तशा. आण्णांचं दुसरं लग्न झालं, आणि मी झालो. माझं नाव त्या पहिल्या मुलाचं आहे. आमच्या भागात यात नवल नाही. त्या वेळी कितीतरी संसार नव्यानं मांडले आणि नव्या लेकरांना जुनीच नावं ठेवली. नाव वाया का घालवा, असं असेल.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला नुकतं वाचायला यायलं होतं, दिसेल ती पाटी वाचायचो, किराणा, पिठाची गिरणी, सगळं मोठ्यानं. गावच्या वेशीपाशी भूकंपात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. तो वाचायला लागलो आणि मधेच माझं नाव आलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. मी पळत घरी. आण्णा बैलाला पेंड घालायलेले. मी ओरडत सांगितलं की माझं नाव दगडावर कोरलंय, गावातल्या एकाही पोराचं नाही, माझंच. आण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "तुजं न्हाई ते. तुझ्या आधीच्याचं हाय." आणि पेंड घालत राहिले.

त्या आधीच्याचा एकही फोटो नाही. निलंग्याला स्टुडिओत न्यायचं ठरलं होतं. आण्णांनीच म्हटलं होतं, रास झाल्यावर नेऊ. हे मला आईनं सांगितलं, आण्णांनी कधीच नाही. कसा दिसायचा, तर कान तेवढे असेच होते म्हणे.

आणि अजून एक. आण्णा स्लॅबखाली जात नाहीत. गावात अजून पत्र्याच्या पडवीतच झोपतात. पाहुण्यांच्या घरी स्लॅब असला तर उंबऱ्यापाशी बसतात, एक पाय बाहेर ठेवून, आणि चहा तिथंच मागतात. आमचा क्लास मेडिकलच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. मी कामाला लागलो त्या दिवशी ते आले होते. समोरच्या टपरीवर बसले आणि जिना चढणारी पोरं बघत राहिले. वर आलेच नाहीत. म्हणजे माझ्या नोकरीतलं त्यांना बघता येईल असं एकच होतं, फ्लेक्स. तो उघड्यावर होता.

मी सारखा फोन करायचो, आण्णा, या की. ते म्हणायचे, सोयाबीन आडवं पडलंय, मजूर मिळेना, पाऊस धरून हाय. रास झाल्यावर. मला ते रास झाल्यावर ऐकलं की आधीच्याचा न काढलेला फोटो आठवायचा, पण बापाला असं कसं सांगणार.

शेवटी रास झाली, आण्णा रविवारी येतो म्हणाले, आणि तेवढ्यात कोट्याचे सर आले. कोट्याला शिकवून आलेला माणूस लातूरला मिळाला म्हणजे साखर कारखान्याला धरण मिळाल्यासारखं. मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोठे सर वाईट नाहीत, ते फार मायेनं बोलतात, तोच ताप आहे. त्यांनी सांगितलं की नवीन सर फिजिक्स घेतील, तुम्ही परत डाऊटला बसा, डाऊट ही क्लासची आई असते. मी म्हटलं, बसतो. फक्त फ्लेक्स रविवारपर्यंत राहू द्या, वडील यायलेत बघायला. तेव्हा ते म्हणाले ते मी तसंच्या तसं लिहितो.

"अहो सर, तुम्ही तर घरचे. घरात पाहुणा आला तर सरकायला कुणाला सांगणार? घरच्यालाच ना?"

मग म्हणाले, सांगतो फ्लेक्सवाल्याला, राहील रविवारपर्यंत. आणि टेबलावरचा पेढ्यांचा बॉक्स उघडला, नवीन सर जॉइन झाल्याबद्दलचा. पहिला पेढा मला. मी खाल्ला.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सर, कासवाचा पुढचा भाग बघू नका."

मी बघितलाच. कासव तापानं आजारी पडतं, लोकांचं सामान अडू नये म्हणून कवच ऑफिसातच ठेवून एक दिवस घरी राहतं. परत येऊन बघतं तर त्याच्या कवचात दुसराच कुणीतरी बसलाय, बहुतेक बेडूक, आणि कवचातलं सामान न मागता ज्याचं त्याला काढून द्यायलाय. साहेब त्या बेडकाला कासवाच्याच नावानं हाक मारतो. कासव दारात उभं राहून ऐकतं आणि त्याला बरं वाटतं की निदान हाक तर मारायलेत. मला हसूच आलं नाही. मी मोबाईल उलटा ठेवला.

रविवारी आण्णा आले. निलंग्याची गाडी स्टँडला लागली, आण्णा उतरले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि एक नारळ. नारळ कशाला, विचारलं तर म्हणाले, नवी गाडी घेतली तर फोडतो, पोरगं लागलं तर न्हाई का फोडायचा? रिक्षात ते माझ्याशी रास कशी झाली ते बोलत होते आणि मी हाव हाव करत होतो. सरांनी शब्द दिलाय, आहे मी तिथं, असं मनात घोकत होतो.

चौकात उतरलो. मी वर बघितलं.

पॅच मारला होता. नवे सर. गोरे, चष्म्यातले, केस उलटे फिरवलेले. कोट तोच, अंगठ्या त्याच. फक्त नव्या सरांचं डोकं बारीक, त्यामुळं स्टिकर पुरला नव्हता, आणि उजव्या बाजूनं माझा कान बाहेर राहिला होता. गोऱ्या माणसाला एक सावळा कान. येणारी-जाणारी माणसं बघत नव्हती, कुणीच बघत नाही. लातूरच्या चौकात कान कोण मोजतंय.

मला वाटलं आता आण्णा विचारतील, तू कुठाय? मी पटापट बोलायला लागलो. म्हटलं, आण्णा, कालपर्यंत होतो, हे नवीन सर आलेत, माझ्यावरूनच चिकटवलंय, माझ्याखाली जुने सर आहेत, हे असंच करतात इथं, सगळ्यांनाच करतात. मी बोलतच होतो. आण्णा मान वर करून बघत होते. टोपी पडायला लागली म्हणून एका हातानं धरली. लई वेळ बघितलं. मग त्यांनी विचारलं,

"म्हंजी तू खाली हाईस."

"हाव, आण्णा."

"खाली हाईस नव्हं? काढला न्हाई ना तुला?"

"नाही. वरून चिकटवलंय फक्त."

"मग झालं." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कान दिसायलाय की तुजा."

सांगाड्याच्या लोखंडी पायाला सिमेंटचा चौथरा आहे, तिथं त्यांनी नारळ फोडला. पाणी चौथऱ्यावर सांडलं, थोडं माझ्या बुटावर. पानवाला बघायला लागला, काय देव आहे का इथं. आण्णांनी त्याला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि सांगितलं, माझं पोरगं हाय वर. पानवाल्यानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही, आणि म्हणाला, चांगलंय.

मग आण्णा खांबाला पाठ लावून उभे राहिले, हाताची घडी घातली, वरच्यांसारखी. मला म्हणाले, काढ फोटो. मी म्हटलं, आण्णा, राहू द्या ना, मी पुढच्या वर्षी परत लागेन, तेव्हा काढू. मला माहीत होतं मी लागणार नाही. त्यांनी घडी सोडली नाही.

"पुढच्या वरसाचं मला सांगू नको. काढ आत्ता. गावात कोण जवळ जाऊन बगतंय."

मी काढला. वाकलो, पार रस्त्यावर गुडघा टेकवला, तेव्हा कुठं दोघं एकात मावले, खाली आण्णा आणि वर तो गोरा माणूस. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. बाजूच्या स्टुडिओत मोठी प्रिंट काढून फ्रेम केली. तोच स्टुडिओ, वर पत्रा, म्हणून आण्णा आत आले. निळा कोट खुंटीला लटकलेला होता. आण्णांनी त्याची बाही दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, कापड हलकं हाय. क्लासमध्ये वर या म्हटलं नाही मी, आणि तेही नको म्हणाले नाहीत. दुपारच्या गाडीनं फ्रेम मांडीवर घेऊन गेले.

सोमवारी मी डाऊटला बसलो. पहिला डाऊट नव्या सरांच्या लेक्चरमधलाच होता. मी समजावून दिला, पोरगा थँक्यू नवीन सर म्हणाला. चुकून म्हणाला असेल. मॅडम पलीकडून ऐकत होत्या, त्यांचे खांदे हलले, आणि या वेळी मी पाण्याची बाटली दिली.

दिवाळीला गावी गेलो. फ्रेम पडवीत लावली होती, पत्र्याखाली, येणाऱ्याला आधी दिसेल अशी. शेजारचे काका फराळाला आले. माझ्याकडं बघितलं, फ्रेमकडं बघितलं, परत माझ्याकडं. मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं. काका म्हणाले, "कोटात लई येगळा दिसतोस बग. तिथं जरा भरल्यावानी वाटतोस. पण नाक बापाचंच हाय, अगदी तसंच."

आण्णा म्हणाले, हाव, नाक आमच्याकडचंच. मी चिवडा खायलो होतो. खात राहिलो.

काका गेल्यावर आई फडकं घेऊन फ्रेम पुसायला लागली. काच एका जागी सारखी मळते म्हणाली, रोज पुसलं तरी. मी उठून बघितलं. गोऱ्या माणसाच्या उजव्या बाजूला, माझ्या त्या कानावर, बोटाचा तेलकट डाग होता. आईनं पुसला. मी लातूरला निघालो तेव्हा परत पडला होता.